इवोरचे लॉज : एका खाणगावातील बंधुसंघ आणि त्याची भाषा

‘लॉज’ हा शब्द मराठी वाचकाला प्रथम भेटतो तो एस.टी. स्थानकासमोरच्या पाटीवर, ‘बोर्डिंग’ या शब्दाला चिकटून बसलेला. त्याचा दुसरा अर्थ आपल्याकडे फ्रीमेसन मंडळींबरोबर आला. त्यांच्या बंद दारांआड काय चालते याचा पत्ता न लागल्याने हिंदुस्थानातल्या लोकांनी त्यांच्या इमारतींना ‘जादूघर’ असे नाव ठेवले, आणि किपलिंगच्या ‘किम’मध्येही ते नाव याच अर्थाने आले आहे. परवलीचे शब्द, गूढ खुणा, छातीवरचे रंगीत पट्टे आणि साहेबलोकांची ऊठबस, एवढेच चित्र त्या शब्दाभोवती आपल्या मनात उरलेले असते.

प्रस्तुत लेखात ज्या लॉजचा इतिहास आम्ही सांगू पाहतो तेथेही परवलीचा शब्द होता, खुणा होत्या, पट्टेही होते. मात्र त्यात बसणारी माणसे कोळशाच्या खाणीतून वर आलेली असत आणि तेथली जादू अगदी साधी होती. आजारी पडलेल्या सभासदाच्या घरी आठवड्याला काही शिलिंग पोचत, आणि मेलेल्या सभासदाला बेवारशासारखे पुरले जात नसे. याखेरीज आणखी एक गोष्ट त्या लॉजच्या नियमांत होती, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे वळावे ते तिच्यामुळे. लॉजचा सारा कारभार सभासदांच्या मातृभाषेतच चालला पाहिजे, असा तो नियम होता. गाव वेल्समधील अबरडेर, संघाचे नाव ‘खरे इवोराइट’ आणि भाषा वेल्श.

गाव आणि माणसे

अबरडेर हे दक्षिण वेल्समधील कनन नदीच्या खोऱ्यातले गाव. १८०१ च्या जनगणनेत या साऱ्या पॅरिशची वस्ती १,४८६ होती. मेंढ्यांची कुरणे, थोडी शेती आणि लोखंडाच्या काही भट्ट्या, असा तेथला संसार. १८३७ मध्ये लगतच्या कम्बाख येथे वाफेच्या एंजिनाला हवा तसा, फार धूर न करणारा कोळसा काढण्यास सुरुवात झाली, आणि पुढील वीसपंचवीस वर्षांत या खोऱ्याचे रूपच पालटले. आगबोटींचे युग सुरू झाले होते आणि त्या कोळशाला जगभर मागणी होती. १८६१ च्या जनगणनेत पॅरिशची वस्ती बत्तीस हजारांच्या वर गेली.

ही माणसे आली कोठून? पहिल्या लाटेतील बहुसंख्य लोक वेल्सच्याच पश्चिमेकडील शेतकरी जिल्ह्यांतून, कार्डिगन, कार्मार्थन, पेंब्रोक या भागांतून आले. त्यांच्यापैकी अनेकांना वेल्शखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. मूळ गावी माणूस मेला तर भाऊबंद, शेजारी आणि चर्च यांचे ठरलेले आधार होते. खाणगावात मजुरी जास्त मिळे, परंतु आधार नव्हता. खाणीत माणूस मरण्याचा संभव मात्र रोजचा होता. १८४५ मध्ये कम्बाखजवळच्या डफ्रिन खाणीत ज्वालाग्राही वायूचा स्फोट होऊन २८ जण मेले. १८५२ मध्ये मिडल डफ्रिन खाणीतल्या स्फोटात पासष्टच्या आसपास माणसे गेली. असे मोठे स्फोट वर्तमानपत्रांत येत. छताचा दगड कोसळून, ट्रामखाली सापडून एकेकटी मरणारी माणसे एकूण संख्येने त्याहून अधिक असत, आणि त्यांची बातमी गल्लीच्या पलीकडे जात नसे.

त्यातच १८३४ च्या नव्या गरीब कायद्याने मदतीसाठी हात पसरणाऱ्यास वर्कहाउसची वाट दाखवली होती. सरकारी खर्चाने होणारे दफन ही मजुराच्या दृष्टीने शेवटची नाचक्की होती. आपले प्रेत कसे उचलले जाईल ही चिंता आपल्याकडील वाचकांस मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नाही.

पेटी आणि तिची तीन कुलुपे

या चिंतेतून ब्रिटनभर परस्पर साहाय्याच्या मंडळ्या निघाल्या होत्या. १७९३ च्या कायद्याने त्यांना मान्यता मिळाली. मंडळीची रीत साधारण अशी असे. सभासदांनी ठरलेल्या रात्री एखाद्या पबच्या वरच्या खोलीत जमायचे, वर्गणीचे पेन्स पेटीत टाकायचे. पेटीला बहुधा तीन कुलुपे असत आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे राहत, म्हणजे तिघे एकत्र आल्याखेरीज ती उघडू नये. सभासद आजारी पडला तर त्याला आठवड्याचा भत्ता मिळे, मेला तर अंत्यविधीचा खर्च आणि विधवेला काही रक्कम. भांडणात किंवा दारूच्या नशेत झालेल्या दुखापतीला भत्ता नाही, असेही नियम बहुतेक ठिकाणी असत. खोलीचे भाडे पुष्कळदा बिअरच्या रूपाने फेडले जाई. सुधारक मंडळी याबद्दल नाके मुरडत, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चूकही नव्हते. तथापि दिवसभर अंधारात एकट्याने कोळसा फोडणाऱ्या माणसाला त्या खोलीतला उजेड आणि सोबत यांचे मोल किती वाटत असेल, हे सुधारकांच्या हिशेबात बसत नव्हते.

अशा एकट्यादुकट्या मंडळीचा मोठा दोष हा की, एका खाणीत एकाच दिवशी पंचवीस सभासद मेले तर पेटी रिकामी होई. वर्गणीही सर्व वयांच्या लोकांस सारखीच असल्यामुळे सभासद म्हातारे होत गेले की अनेक मंडळ्या बुडत. यावर उपाय म्हणून अनेक मंडळ्यांचा मिळून एक संघ आणि प्रत्येक गावी त्याची शाखा, म्हणजे ‘लॉज’, ही रचना पुढे आली. ऑडफेलोज, फॉरेस्टर्स हे त्यांतले मोठे संघ. एका लॉजवर आपत्ती आली की इतरांनी हातभार लावायचा. काम शोधीत दुसऱ्या गावी गेलेल्या सभासदाला तेथल्या लॉजने रात्रीचा आसरा आणि थोडे पैसे द्यायचे.

गुप्त खुणांचे आणि परवलीच्या शब्दांचे व्यावहारिक कारण येथे सापडते. दाराशी उभा असलेला अनोळखी मजूर खरोखर आपला सभासद आहे की भामटा, हे छायाचित्र आणि ओळखपत्र यांच्या आधीच्या काळात ओळखायचे कसे? शब्द विचारून. तथापि केवळ सोय म्हणून ती विधींची आरास टिकली असेही आम्हांस वाटत नाही. ज्याला मालक हाजरीच्या यादीतला एक आकडा समजत असे, त्याला लॉजमध्ये ‘बंधू’ म्हणून उभे राहून संबोधले जाई, पाळीपाळीने पदे मिळत, गळ्यात पट्टा पडे. वार्षिक मिरवणुकीत वाद्यांच्या साथीने आणि निशाणे फडकवीत तो भर रस्त्यावरून चाले. सरकारला हे सारे संशयास्पद वाटे. १८३४ मध्ये डॉर्सेटमधील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना बेकायदा शपथ दिल्याच्या आरोपावरून ऑस्ट्रेलियाला हद्दपार करण्यात आले, तेव्हापासून शपथविधी असणाऱ्या प्रत्येक मंडळीला जपून पाऊल टाकावे लागले.

दानशूर इवोर

मोठ्या संघांची मूळ भाषा इंग्रजी होती. नियमांची पुस्तके, दीक्षेची भाषणे, वरिष्ठ समित्यांचा पत्रव्यवहार हे सारे त्या भाषेत. वेल्श मजुराने पैसे द्यायचे आणि ज्या शब्दांनी तो ‘बंधू’ होणार ते शब्द मात्र त्याने पोपटासारखे म्हणायचे, अशी ही अवस्था. १८३६ मध्ये उत्तर वेल्समधील रेक्सम या गावी टॉमस रॉबर्ट जोन्स यांच्या पुढाकाराने ‘खरे इवोराइट’ हा संघ स्थापन झाला तो या पार्श्वभूमीवर. त्याचे दोन हेतू होते: परस्पर साहाय्य, आणि वेल्श भाषा शुद्ध स्वरूपात टिकवून धरणे. लॉजचे कामकाज वेल्शमध्ये चालावे हा नियम त्या दोहोंना जोडणारा होता. दोनच वर्षांत संघ दक्षिणेत कार्मार्थनला पोचला आणि तेथून कोळशाच्या खोऱ्यांत पसरला. पुढे स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यातही गेला.

संघाच्या नावाकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. चौदाव्या शतकात दाविथ आप ग्विलिम हा वेल्श भाषेतला श्रेष्ठ कवी होऊन गेला. बासालेग येथील इवोर आप लिवेलिन हा सरदार त्याचा आश्रयदाता. कवीने त्याला ‘इवोर हाएल’, म्हणजे दानशूर इवोर, म्हणून अजरामर केले. ऑडफेलोज किंवा फॉरेस्टर्स यांच्या नावांत कसबांच्या आणि रानावनाच्या आख्यायिका आहेत. वेल्श मजुरांच्या या संघाने आपला मूळपुरुष म्हणून कोणी राजा, संत किंवा योद्धा निवडला नाही. कवीला पोसणारा एक गृहस्थ त्यांनी निवडला. आजारी खाणकामगाराला पैसे देणे आणि कवीला आश्रय देणे या दोन्ही कृती त्यांच्या दृष्टीने एकाच ‘दानशूर’पणाच्या होत्या, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

हा अर्थ केवळ नावापुरता राहिला नाही. एका बाजूस वर्गणी आणि भत्ता, दुसऱ्या बाजूस आइस्टेडवोड, म्हणजे काव्य, निबंध आणि गायन यांच्या स्पर्धांचा मेळावा, असे दोन्ही उद्योग इवोराइट लॉजेस करीत. संघाच्या वर्धापनदिनाला मिरवणूक, जेवण आणि व्याख्याने यांच्या जोडीने कवितेला बक्षीस असे. १८४० च्या दशकात संघाच्या विचारांचे वेल्श मासिकही निघत होते.

अबरडेरला ही हवा आधीपासून होतीच. ट्रेकनन या लगतच्या वस्तीत विल्यम विल्यम्स नावाचा एक पबमालक होता. त्याच्या पबच्या पाटीवर काळवीट होते म्हणून लोक त्याला ‘कारू कोख’, म्हणजे ‘तांबडा हरिण’, म्हणत. त्याने १८४१ पासून आपल्या पबात वेल्शप्रेमींचे मंडळ चालवले आणि त्याच्या वतीने आइस्टेडवोड भरवले. १८५३ च्या मेळाव्यातील बक्षीसपात्र लेखन १८५४ मध्ये ‘गार्थ अबरडार’, म्हणजे ‘अबरडेरची बाग’, या नावाने पुस्तकरूपाने आले. त्यात त्या पॅरिशचा इतिहासही आहे. मालकाच्या हिशेबी ज्या गावाला पन्नास वर्षांचेही वय नव्हते, त्या गावाने आपला इतिहास आपल्या भाषेत, पबमध्ये भरलेल्या स्पर्धेसाठी लिहून काढला. १८६१ मध्ये वेल्सचा पहिला राष्ट्रीय आइस्टेडवोड भरला तो याच अबरडेरला. वादळाने मंडप कोसळला आणि मेळावा बाजाराच्या इमारतीत हलवावा लागला. पुढे ‘कारादोग’ या नावाने प्रसिद्ध झालेला गायकवृंदाचा संचालक ग्रिफिथ रीस जोन्स हा ट्रेकननचाच. पेशाने तो लोहार. कोळसापट्ट्यातील शेकडो गायकांचा वृंद घेऊन त्याने १८७२ आणि १८७३ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्पर्धा जिंकली. गावाच्या मध्यवर्ती चौकात त्याचा पुतळा आहे.

निळी पुस्तके

भाषा आणि भत्ता यांची ही गाठ किती निकडीची होती हे कळण्यासाठी १८४७ कडे वळावे लागेल. वेल्समधील शिक्षणाची स्थिती तपासण्यासाठी सरकारने तीन आयुक्त नेमले होते. तिघेही इंग्रज वकील, तिघांनाही वेल्श येत नव्हते. त्यांचा तीन खंडांचा अहवाल निळ्या वेष्टनात निघाला. शाळांची दुर्दशा त्यांनी बऱ्याच अंशी खरी मांडली. मात्र तिच्याबरोबर निष्कर्षही काढले. वेल्श भाषा ही प्रगतीतील धोंड आहे. ती बोलणारा मजूर समाजाच्या तळाशीच राहतो. आणि नीतीच्या दृष्टीनेही हा समाज घसरलेला आहे. अबरडेरचे तेव्हाचे व्हिकर जॉन ग्रिफिथ यांची साक्ष अहवालात आहे. गावातील मजुरांविषयी आणि विशेषतः स्त्रियांविषयी ती अत्यंत कडवट होती. गावात आगडोंब उसळला. या अहवालाचे ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ हे नाव वेल्शमध्ये कायमचे रूढ झाले आहे. १८५४ मध्ये आर. जे. डर्वेल यांनी त्या नावाचे नाटकच लिहिले.

अबरडेरच्या बाजूने उभे राहिले टॉमस प्राइस. हे १८४६ पासून १८८८ साली मृत्यू येईपर्यंत गावातील बॅप्टिस्ट मंडळीचे धर्मोपदेशक होते. १८४८ मध्ये भरलेल्या निषेधसभेत त्यांनी व्हिकरांच्या विधानांचा समाचार घेतला. हेच प्राइस वेल्श नियतकालिकांचे संपादक होते, आणि इवोराइट, ऑडफेलोज यांसारख्या बंधुसंघांतले अग्रणीही. एकाच माणसाने रविवारी प्रवचन करावे, आठवड्यात नियतकालिकाची मुद्रिते तपासावीत आणि लॉजच्या सभेत भत्त्यांचे नियम समजावून सांगावेत, ही गोष्ट त्या काळी कोणाला विलक्षण वाटली नाही. आम्हांस मात्र ती फार सूचक वाटते. अहवालाला दिलेले खरे उत्तर सभेतल्या भाषणात जेवढे होते तेवढेच लॉजच्या हिशेबवहीत होते, असे आमचे मत आहे. जी भाषा माणसाला तळाशी ठेवते असे आयुक्त सांगत होते, तीच भाषा वापरून तो माणूस ठराव मांडीत होता, दुरुस्ती सुचवीत होता, हिशेब तपासत होता, थकबाकीदाराला नोटीस देत होता आणि भत्ता नाकारला गेल्यास नियम दाखवून भांडत होता.

प्रवचन आणि कविता यांची भाषा म्हणून वेल्शला मोठी परंपरा होती. व्याज, थकबाकी, लेखापरीक्षा, गणपूर्ती या गोष्टींसाठी लागणारे शब्द मजुरांच्या तोंडी रुळावेत असे दुसरे ठिकाण त्या समाजात फारसे नव्हते. न्यायालय इंग्रजीत चाले, खाणीची कचेरी इंग्रजीत, १८७० च्या कायद्यानंतरची प्राथमिक शाळाही मुख्यत्वे इंग्रजीत. चॅपेल आणि लॉज या दोन जागा तेवढ्या उरल्या, जिथे वेल्श माणूस आपल्या भाषेत कारभारी होऊ शकत होता. १८५८ ते १८८२ या काळात अबरडेरहून ‘ग्व्लाद्गारूर’ (देशप्रेमी) हे वेल्श साप्ताहिक निघाले आणि १८७५ पासून ‘तारियन अ ग्वैथिउर’ (कामगाराची ढाल). त्यांना वाचक कोठून मिळाले, या प्रश्नाच्या उत्तरात शाळेचे नाव फार खाली येईल.

गाठ सुटली ती कशी

या गोष्टीचा उत्तरार्ध विश्वासघाताचा नाही. तसे असते तर सांगणे सोपे गेले असते. लॉजची कामे एकेक करून अधिक समर्थ हातांत गेली, आणि मजुराच्या दृष्टीने ते बहुतांशी चांगलेच झाले.

१८८१ मध्ये दक्षिण वेल्समधील खाणकामगारांसाठी कायम स्वरूपाचा मदतनिधी उभा राहिला. मोठ्या स्फोटाचा भार सहन करणे स्थानिक पेटीच्या आवाक्याबाहेरचे आहे हे तोवर सर्वांना पटले होते. १८९७ च्या कायद्याने कामावर झालेल्या अपघाताची भरपाई देणे मालकावर बंधनकारक केले. १८९८ मध्ये, सहा महिन्यांच्या टाळेबंदीतील पराभवानंतर, दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांचे महासंघटन स्थापन झाले. या संघटनेने आपल्या स्थानिक शाखेला नाव दिले ‘लॉज’. शब्द तोच राहिला आणि आतले माणूसही पुष्कळदा तेच. आता मात्र खोलीत बसणारा इंग्लंडच्या सॉमरसेटहून किंवा ग्लॉस्टरशायरहून आलेला कामगारही होता, आणि मालकाशी लढायचे तर त्याला वगळून चालणार नव्हते. सर्वांना कळेल ती भाषा इंग्रजी. एकजुटीसाठी निर्माण झालेली भाषिक सीमा मोठ्या एकजुटीच्या आड येऊ लागली, आणि सभासदांनी जी निवड केली तिला चूक म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. १९१३ मध्ये सेंगेनिथ खाणीतल्या स्फोटात ४३९ खाणकामगार मेले. तेथे माणसे कोणत्या भाषेची होती हे मृत्यूने विचारले नाही.

मग १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा आला. मजुराने आठवड्याला चार पेन्स, मालकाने तीन, सरकारने दोन भरायचे, आणि आजारपणात पुरुष कामगाराला आठवड्याला दहा शिलिंग मिळायचे. अंमलबजावणी ‘मान्यताप्राप्त मंडळ्यां’मार्फत होणार होती. बंधुसंघांना त्यात स्थान होते, पण मोठ्या व्यापारी विमा कंपन्यांनाही होते. घरोघर फिरणारा एजंट वर्गणी न्यायला दारात येतो म्हटल्यावर ठरलेल्या रात्री खोलीत जाऊन पेटीत पैसे टाकण्याची निकड उरली नाही. हा कायदा आणणारे लॉइड जॉर्ज स्वतः वेल्श मातृभाषेचे. १९४६ च्या कायद्याने ही मध्यस्थ व्यवस्थाही संपवली. ५ जुलै १९४८ पासून विमा आणि आरोग्यसेवा सरकारकडे आली. आजारी माणसाला आता कोणत्याही परवलीच्या शब्दाची गरज नव्हती. ‘तारियन’ १९३४ मध्येच बंद पडले होते. इवोराइट संघही विसाव्या शतकाच्या मध्यानंतर उरला नाही.

येथे एका आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. भाषेचे भवितव्य लोकसंख्येच्या हालचालींनी ठरते, मंडळ्यांच्या नियमांनी नव्हे, असे कोणी म्हणेल. अर्थशास्त्रज्ञ ब्रिनली थॉमस यांनी या दृष्टीने एक महत्त्वाचा युक्तिवाद केला आहे. खाणी नसत्या तर ग्रामीण वेल्समधील माणसे आयर्लंडच्या लोकांप्रमाणे समुद्रापार गेली असती. खाणींनी त्यांना वेल्समध्येच धरून ठेवले, म्हणून उद्योगीकरणाने वेल्श भाषेला मारण्याऐवजी दीर्घकाळ तारले. पुढे इंग्लंडमधून लोंढे आले तेव्हा तोल बदलला. आकडेही हेच सांगतात. वेल्श बोलणाऱ्यांची संख्या १९११ मध्ये सर्वाधिक, ९,७७,३६६ होती, परंतु एकूण लोकसंख्येतील प्रमाण १९०१ मधील सुमारे ५० टक्क्यांवरून तोवर ४३.५ टक्क्यांवर आले होते. २०२१ च्या जनगणनेत ते १७.८ टक्के आहे.

हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे आणि लॉजचा इतिहास त्याला छेद देत नाही. माणसे एका ठिकाणी जमली एवढ्याने त्यांची भाषा तेथे कारभाराची होत नाही. ती तशी व्हावी म्हणून कोणीतरी नियम लिहावा लागतो आणि तो पाळणे सभासदाच्या फायद्याचे व्हावे लागते. इवोराइटांनी ते साठसत्तर वर्षे साधले.

मराठी घाटांपर्यंत

अबरडेरपासून जवळच कमामन नावाचे खाणगाव आहे. १ जुलै १९१५ रोजी तेथे ॲलन लुइस हा कवी जन्मला. वडिलांचे भाऊ खाणीत होते. वडील तेवढे शिकून शिक्षक झाले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याबरोबर लुइस डिसेंबर १९४२ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्याचे पथक पुण्याजवळ नीरेला होते. तो पुण्याच्या लष्करी रुग्णालयात काही काळ पडून होता. ‘द मराठा घाट्स’ ही त्याची प्रसिद्ध कविता या मुक्कामातली. तिच्यात आपला उजाड माळ आणि त्यावर राबणारा कुणबी आहे. मार्च १९४४ मध्ये आराकानच्या आघाडीवर आपल्याच पिस्तुलाची गोळी लागून तो मेला. तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

इंग्रजी साहित्याच्या वर्गांत लुइस युद्धकवी म्हणून शिकवला जातो. त्याच्या कवितेतील कष्टकऱ्यांविषयीची आस्था त्याच्या खाणगावातून आली हेही सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू की ती आस्था इंग्रजीतून व्यक्त झाली. ज्या खोऱ्यात मजुरांनी कवीच्या आश्रयदात्याचे नाव आपल्या लॉजला दिले, वेल्श कवितेला पबमध्ये बक्षिसे दिली आणि राष्ट्रीय आइस्टेडवोडचा पहिला मंडप उभारला, त्या खोःयातल्या या कवीची लेखनभाषा शंभर वर्षांच्या आत बदलली होती. यात लुइसचा दोष नाही आणि त्याच्या कवितेत उणीवही नाही. मोठा वारसा एका भाषेतून दुसरीत कसा जातो याचे ते उदाहरण आहे. आस्था पुढे गेली आणि शब्द मागे राहिले.

वेल्शची गोष्ट तेथे संपली नाही, हेही सांगितले पाहिजे. आज त्या भाषेला कायद्याचे संरक्षण आहे, शाळा आहेत, दूरचित्रवाहिनी आहे, आणि राष्ट्रीय आइस्टेडवोड दरवर्षी भरतो. मेळावा टिकला, लॉज गेले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आम्हां सर्वांना आनंद झाला. त्या आनंदात इवोराइटांची आठवण ठेवावी असे आम्हांस वाटते. संमेलने, पुरस्कार, विशेषांक हा आपला आइस्टेडवोड आहे, आणि तो हवाच. परंतु रुग्णालयातून घरी सोडताना हातात पडणारा कागद, विम्याचा दावा नाकारल्याचे पत्र, बँकेच्या कर्जाच्या अटी आणि गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त यांची भाषा कोणती, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात आपण विचारीत नाही. तो आपला विषय नाही असे आपण धरून चालतो. अबरडेरच्या खाणकामगाराला तो आपला विषय वाटला होता. ज्या पुस्तकात मरणानंतर बायकोला किती शिलिंग मिळतील हे लिहिले आहे, ते पुस्तक बायकोला वाचता आले पाहिजे, एवढे त्याला कळत होते.